डायल फिरते, पण शून्य अर्ध्यातच दमतं

काळ्या जुन्या फोनचं लोक काय काय करतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. कुणी आतलं सगळं उपसून टेबल लॅम्प करतं, कॅफेवाले भिंतीला स्क्रू मारून लटकवतात, आणि ऑनलाइन "अँटिक रोटरी फोन" म्हणून जे पितळी प्रकरण मिळतं त्यातल्या बऱ्याचशांची डायल फिरतच नाही, भोकांच्या आत चक्क बटणं असतात. अरे मग घेता कशाला! आणि गंमत म्हणजे खरा जुना फोन दुरुस्त करणं अवघड नसतं हो. त्यात एकही चिप नाही, सॉफ्टवेअर नाही, जे काय आहे ते डोळ्यांना दिसतं आणि बोटाने हलवता येतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही, बँकेत नोकरी करते, तरी जमलं.

आमच्याकडचा फोन सासऱ्यांच्या सांगलीच्या आडत दुकानातला. हळद-गुळाचे भाव यावरच यायचे. दुकान बंद झाल्यावर तो माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. आयटीआयचा आहे, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बेंगळुरू, १९४८ मधे सुरू झालेला सरकारी कारखाना, पुढची कित्येक वर्षं देशात ज्या घरांत आणि ऑफिसांत फोन असायचा तिथे बहुतेक त्यांचाच असायचा. आमचा बेकलाइटचा आहे, ब्रासो लावून जोरात घासलं की फिनॉलचा वास येतो, कारण बेकलाइट बनतं मुळात त्याचंच. डायलच्या मधोमध कागदाची गोल चकती, त्यावर शाईने लिहिलेला चार आकडी नंबर, आणि ३ च्या भोकाच्या कडेला एक चांगला खोल ओरखडा. तो कुलपाचा. ज्यांनी बघितलंय त्यांना आठवेल, डायलच्या भोकात बसवायचं छोटं कुलूप मिळायचं, म्हणजे दुकानातल्या पोरांनी फुकटचे फोन लावू नयेत. ३ मधे कुलूप घातलं की चकती थोडीशीच फिरते, पुढे कुलूप स्टॉपला, म्हणजे जिथे बोट अडतं त्या लोखंडी पट्टीला, अडतं आणि मोठे आकडे लागतच नाहीत. पण माझा नवरा सांगतो की दुकानातली पोरं कुलपाला भीक घालायची नाहीत, रिसीव्हर ठेवायच्या खुंट्या टपटप दाबून नंबर लावायची. ५ हवा तर पाचदा दाबायचं, जरा थांबायचं, मग पुढचा आकडा.

हे का चालायचं ते कळलं ना की अख्खा फोन कळतो, म्हणून जरा सांगते. फोनच्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून साधारण ४८ व्होल्ट डीसी येत असतं. रिसीव्हर खाली असतो तेव्हा सर्किट उघडं, करंट शून्य. उचलला की सर्किट जोडलं जातं, करंट वाहायला लागतो, एक्स्चेंजला कळतं की हा माणूस जागा झाला, डायल टोन येतो. आता डायल काय करते? आकडा "पाठवत" वगैरे काही नाही, ती फक्त तो करंट क्षणभर तोडते आणि परत जोडते. १ ला एकदा, २ ला दोनदा, ९ ला नऊदा आणि ० ला दहादा. तेही तुम्ही फिरवताना नाही, तुम्ही सोडल्यावर ती परत येते तेव्हा. फिरवताना तुम्ही नुसती स्प्रिंगला चावी देत असता. खुंटी दाबली तरी करंट तुटतोच, एक्स्चेंजला काय फरक पडतो कुणी तोडला!

आता दुरुस्ती. फोनची लक्षणं अशी होती: डायल फिरायची पण परत येताना रडत रडत यायची, ० फिरवलं तर अर्ध्या वाटेत अडकून बसायची, बोटाने ढकलावी लागायची. घंटी वाजत नव्हती. पलीकडचं ऐकू यायचं पण खरखर, आणि आपलं बोलणं पलीकडे पोचतच नव्हतं. थोडक्यात फोनच्या चार कामांपैकी एकही धड नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, ते टेलिफोन खात्यात होते, तरुणपणी स्ट्रोजर नावाच्या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजला आणि नंतर इलेक्ट्रॉनिकला. मी फोन घेऊन खाली गेले. त्यांनी तो उघडला नाही, काही नाही. कानाजवळ धरून ७ फिरवला, सोडला, मान हलवली, परत फिरवला. म्हणाले, "अगं हा सहाच्या स्पीडने चाललाय. दहा पाहिजे." मला वाटलं काका उगाच मोठेपणा करतायत. घरी येऊन मोबाइलवर डायलचा आवाज रेकॉर्ड केला, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीमधे उघडून वेव्हफॉर्म मोठा केला आणि मोजलं. सहाच्या जरा वर! सेकंदाला दहा ठोके, म्हणजे दहादा करंट तोडणं-जोडणं, हे स्टँडर्ड आहे, नऊ ते अकरा चालतं, आणि प्रत्येक ठोक्यात तुटलेला वेळ जोडलेल्या वेळेच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंद तुटलेलं आणि ३३ जोडलेलं. काकांनी हे कानाने सांगितलं. त्यांच्या काळी रोजचंच काम ते.

दहाच का, तर पलीकडे तेवढ्या वेगाने पायऱ्या चढणारं यंत्र होतं म्हणून. ते यंत्र स्ट्रोजरचं. हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस. असं सांगतात की गावातली टेलिफोन ऑपरेटर त्याच्या स्पर्धकाची बायको होती आणि ती सगळी गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून याने ऑपरेटरच नको असं एक्स्चेंज शोधून काढलं. गोष्ट खरी की मसाला ते सोडा, पण पेटंट १८९१ चं आहे आणि पहिलं एक्स्चेंज १८९२ मधे इंडियाना राज्यात ला पोर्ट गावी चालू झालं. आपल्याकडे पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला आलं, १९१३-१४ च्या सुमारास. साहेब उन्हाळ्यात तिथेच असायचे ना. काकांनी सिलेक्टर, म्हणजे एक्स्चेंजमधलं लाइन निवडणारं यंत्र, कसा चालायचा ते हात करून दाखवलं: तुम्ही ४ फिरवला की एक दांडा चार पायऱ्या वर चढायचा, मग आपणहून आडवा फिरत मोकळी लाइन शोधायचा, ती मिळाली की पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला. शेवटचे दोन आकडे एकाच सिलेक्टरचे, एका आकड्याने वर आणि दुसऱ्याने आडवा, दहा गुणिले दहा असे शंभर फोन त्याच्या हाताखाली. "हॉलमधे नुसता खडखडाट असायचा, सकाळी अकराला तर एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही" असं म्हणाले. आणि दोन आकड्यांच्या मधे त्या सिलेक्टरला शोधायला वेळ मिळावा म्हणून डायलवर १ चं भोक आणि लोखंडी स्टॉप यांच्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. मी आजपर्यंत ती जागा बघितली होती, पण ती का आहे हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

तर डायल. आधी फोन लाइनवरून काढा, हे महत्त्वाचं आहे, ४८ व्होल्टने नुसतं गुदगुल्या होतात पण तेवढ्यात कुणाचा फोन आला तर रिंगचं करंट ७५ व्होल्ट एसी असतं, ते चांगलं जाणवतं. खालचे स्क्रू काढले की पत्रा निघतो आणि सगळा संसार समोर: दोन वाट्यांची घंटी, तिची दोन कॉइल्स, कंडेन्सर, आवाजाचं कॉइल, आणि डायलची पाठ. वायर सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, भरपूर काढा. डायलच्या पाठीमागे गव्हर्नर असतो. बारीक दांड्यावर स्प्रिंगच्या पट्ट्या, त्यांच्या टोकाला दोन छोटी वजनं, बाहेरून एक पितळी वाटी. डायल परत येताना दांडा गरगर फिरतो, वजनं बाहेर फेकली जातात आणि वाटीला आतून घासतात, जोर जास्त झाला की घर्षण जास्त, म्हणून वेग एका ठिकाणी स्थिर राहतो. स्प्रिंग पूर्ण चावी दिलेली असो की थोडी, ठोके सारखेच पडतात. बाकी सगळ्या फोनपेक्षा मला हाच भाग जास्त आवडतो, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा आहे आणि त्याला सेल नाही, काही नाही.

आमच्या डायलीत गिअरच्या दातांवर आणि वर्मवर (स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा) जुनं ग्रीस थिजलेल्या तुपासारखं बसलं होतं, वर हळदीच्या दुकानातली धूळ, पिवळी पडलेली. काकांचा हुकूम होता, "डब्लूडी-४० चा फवारा अजिबात मारू नकोस, आणि गव्हर्नरच्या वाटीत तेल गेलं तर मग डायल पळत सुटेल बघ." बरोबरच आहे, घर्षणावर चालणाऱ्या गोष्टीला तेल घातलं तर ती काय धरणार. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन सगळं धुतलं, टूथपिकने दातांमधलं काढलं, वाळू दिलं, मग घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त दांड्याच्या टोकांना आणि वर्मला लावलं. परत रेकॉर्ड केलं तर नऊच्या पुढे आला. उरलेलं गव्हर्नरच्या पट्ट्या केसभर आत वाकवून, वजनं आत गेली की वाटीला लागायला जास्त वेग लागतो म्हणजे डायल जलद होते. चिमट्याने, श्वास रोखून. पितळ जुनं आहे, एकदा तुटलं की मिळायचं नाही.

डायलच्या कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावू नका प्लीज. यूट्यूबवर एक जण मस्तपैकी घासत होता, मी स्क्रीनसमोर ओरडले. त्यावर जो खास धातूचा ठिपका असतो तो निघून जातो. जाडसर व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापायची, अल्कोहोलमधे बुडवायची, दोन ठिपक्यांच्या मधे घालून बंद करायचं आणि हळूच ओढायची. पट्टी काळी येते. ती पांढरी येईपर्यंत करायचं. असंच रिसीव्हरच्या खुंटीखालच्या पट्ट्यांना. डायलमधे अजून एक कॉन्टॅक्टची जोडी असते, डायल जागेवरून हलली की ती रिसीव्हर शॉर्ट करते, नाहीतर प्रत्येक ठोक्याला कानात फटाके वाजतील. आमची खरखर निम्मी या जोडीमुळेच होती. उरलेली निम्मी रिसीव्हरच्या आत, झाकण फिरवून उघडलं तर डायफ्रॅमची पातळ लोखंडी चकती मॅग्नेटला चिकटलेली असते, ती बाजूला सरकवून उचलली आणि खाली लोखंडाचा बारीक भुगा जमलेला होता. सेलोटेपने उचलला. झालं.

माउथपीस तर आणखी सोपं निघालं. त्यात कोळशाचे बारीक दाणे असतात, आपण बोललो की पडदा त्यांना दाबतो-सोडतो, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्याप्रमाणे करंट. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडून राहिले की दाणे घट्ट बसतात. डबी काढून तळहातावर आडवी-उभी आपटायची, बास. मल्टिमीटर लावून फुंकर मारली की आकडा नाचतो, नाचला म्हणजे ती जिवंत. जुने लोक बोलता बोलता आवाज जात नाही म्हटल्यावर रिसीव्हर टेबलावर आपटायचे ना, ते नुसता राग काढायला नसायचं म्हणजे!

घंटीचं दुखणं कंडेन्सरचं. घंटीच्या कॉइलबरोबर साधारण २ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, तो रिंगचं एसी जाऊ देतो आणि लाइनचं डीसी अडवतो. तो शॉर्ट झाला तर डीसी घंटीतून वाहायला लागतं आणि एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे, तो ओपन झाला तर घंटी मुकी. आमचा मुका. जुना कागदी कंडेन्सर पत्र्याच्या डबीत असतो, तपकिरी रंगाचं काहीतरी त्यातून बाहेर आलं होतं. पुण्यातल्या तापकीर गल्लीत जाऊन २.२ मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा फिल्मवाला घेतला, दुकानदाराने विचारलं पंख्यासाठी का, म्हटलं फोनसाठी, तर त्याने माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघितलं. जुन्याची डबी दिसायला छान आहे म्हणून ती तिथेच ठेवली, फक्त वायर सोडवून नवा शेजारी बसवला. मग वाट्या. या वाट्यांचं भोक बरोबर मधोमध नसतं, त्यामुळे स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती लोलकाच्या जवळ किंवा लांब जाते. जवळ घेतली तर आवाज दबतो, लांब नेली तर पोचत नाही. दोन वाट्यांचे सूर वेगळे असतात, दोन्ही सारख्या खणखणल्या पाहिजेत. नवऱ्याने हॉलमधून "हां, हाच, हाच आवाज!" असं ओरडून सांगितलं तेव्हा मी स्क्रू आवळला.

इथे खरं तर पोस्ट संपायला हवी होती. फोन ठणठणीत झाला. पण आता तो लावायचा कुठे? आमच्याकडे तांब्याची लाइन कधीच गेली, फायबर आहे, त्या डब्याला मागे फोनचं पोर्ट असतं. त्यात लावला. डायल टोन आली, बाहेरून फोन आला तर घंटी वाजली, बोलणंही झालं, आवाज जरा बारीक कारण डब्यातून करंट कमी मिळतो आणि कोळशाच्या माउथपीसचं पोट करंटवर भरतं. पण डायल फिरवली तर डायल टोन आपली चालूच. त्या डब्याला ठोके कळतच नाहीत. त्याला हवे असतात बटणांच्या फोनचे सूर, म्हणजे प्रत्येक आकड्याला दोन फ्रिक्वेन्सी एकदम, १ ला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, ५ ला ७७० आणि १३३६. सगळे डबे असे नसतात, काहींना ठोके कळतात, ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाइन आहे त्यांनी तर आधी नुसता लावून बघा.

उपाय दोन. एक, इंटरनेट फोनचं अकाउंट असेल तर ठोके समजणारा अडॅप्टर घ्यायचा, ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०२ मधे पल्स डायलिंगचं सेटिंग आहे. दोन, ठोके मोजून त्याचे सूर करून देणारं छोटं सर्किट मधे घालायचं. परदेशात तयार मिळतं. आमच्याकडे भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला सांगितलं, तो म्हणाला "मामी, हे तर दोन तासांचं काम आहे," आणि मग सेमिस्टर गेलं. पण केलं त्याने, मायक्रोकंट्रोलरचा टिकलीएवढा बोर्ड, फोनच्या पोटात घंटीच्या मागे बसलाय, ठोके मोजतो, जरा थांबतो आणि पीं करतो. जुन्या कुठल्याही वायरला कापलेलं नाही, स्क्रूखाली दाबलंय फक्त, काढलं की फोन होता तसा. माझी अट तीच होती.

वापरायला कसा आहे? हळू. आणि त्यात २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं, म्हणजे डायलवरचा सगळ्यात लांबचा आकडा पहिलाच, आणि मग मोबाइल नंबर बहुतेक वेळा सुरू होणार ९ किंवा ८ ने! नंबर पूर्ण होईपर्यंत आपण फोन कशाला करत होतो याचा फेरविचार करायला वेळ मिळतो. बँकेच्या नाहीतर गॅसच्या नंबरवर "मराठीसाठी १ दाबा" म्हटलं की मी १ फिरवते आणि चालतं, "हॅश दाबा" म्हटलं की खेळ खलास, डायलवर हॅश नाही. सासूबाई मात्र खूश आहेत, त्यांना तो हातात घेतल्यावर जड लागतो हेच आवडतं, आणि रिसीव्हर आपटून ठेवता येतो म्हणे.

कुणाला घ्यायचा असेल तर पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, किंवा आधी स्वतःच्या माळ्यावर बघा. उचलून बघा, हलका लागला तर आतली घंटी नाहीतर कॉइल आधीच कुणीतरी काढून घेतलेलं असतं. डायलच्या जागी कोरी तबकडी असेल तर तो ऑपरेटरवाल्या एक्स्चेंजचा फोन, शोभेला छान पण त्यावरून नंबर लागणार नाही. डायल असेल तर १ फिरवून बघू नका, ० फिरवा, जे काय लपलेलं आहे ते शून्याला बाहेर येतं. हळू आली तर घाबरू नका, ग्रीस आहे, भाव मात्र त्यावरून पाडून घ्या. पळत आली तर गव्हर्नर गेला, ते काम वाढलं. आणि विकणारा "अँटिक आहे मॅडम, उघडू नका" म्हणायला लागला तर सरळ पुढच्या गाळ्यावर जा.